आखाजीचं पाणी

१

सकाळी उठलं की तोंड धुण्याआधी अभिमन काचेच्या टाकीपाशी जाई आणि रात्रीतून मेलेले मासे चहाच्या गाळणीनं उचली. कागदात गुंडाळून ते परसातल्या पपईच्या बुडाशी पुरायचे, तेही माय जागी व्हायच्या आत, असा त्याचा नेमच होऊन बसला होता. पण मायपासून काही लपत नसे. खाटेवर बसल्या बसल्या ती टाकीकडे बघे, कालच्यापेक्षा आज गर्दी कमी आहे हे ओळखे, आणि हातातलं पाण्याचं फुलपात्र न पिता फरशीवर ठेवी.

टक्.

तो एवढासा आवाज अभिमनला परसापर्यंत ऐकू यायचा.

साल एकोणनव्वद. चैत्र सरत आला होता आणि चोपड्याची हवा भट्टीच्या तोंडासारखी झाली होती. गेल्या भादव्यात अभिमनचे वडील, पितांबर आबा, हिवतापानं गेले. अभिमन तेव्हा मंगळूरला मत्स्यविज्ञानाच्या शेवटच्या परीक्षेला बसला होता. तार मिळून तो घरी पोचला, तेव्हा राखही थंड झाली होती. शेवटी शेवटी आबांच्या पोटात पाणी ठरत नव्हतं. प्यायले की उलटी. पाहायला येणाऱ्यांनी सांगितलं, पाणी तोडा, नुसते ओठ ओले करा. मायनं तसंच केलं. आबा पाणी मागत राहिले, माय ओलं फडकं त्यांच्या ओठांवर टेकवत राहिली. त्या दिवसापासून खुद्द मायच्या घशाखाली पाणी उतरेना. एखादा घोट, फार तर दोन. हिवाळ्यात ते निभलं. आता वरून आग ओतत असताना कसं निभणार?

अभिमन मंगळूरहून परतला तो एक वेड डोक्यात घेऊन. गप्पी मासा! बोटाच्या पेराएवढा जीव, पण डासांच्या अळ्या दिसल्या की ठेवत नाही. चोपड्यातल्या प्रत्येक हौदात, सातपुड्याच्या पायथ्यापर्यंतच्या प्रत्येक विहिरीत गप्पी सोडायचे आणि हिवतापाला या मुलखातून हाकलायचं. आबांसाठी यापेक्षा चांगलं दुसरं काय करता येणार होतं? जळगावहून त्यानं लोखंडी चौकटीची काचटाकी करून आणली, बैठकीत मायच्या खाटेसमोर मांडली, तळाला वाळू घातली, हवेचा छोटा पंप लावला. मासे मुंबईहून आणले, पाण्यानं फुगलेली पिशवी मांडीवर सांभाळत.

शेजारी राहणारी भागाबाई आत्या, आबांची बहीण, कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "काय रे भो, मासाच पाळना व्हतात, ते इतलं लांब शिकाले काबरं गया व्हता? आठे तापीमा मासा नहीत का?"

माय मात्र हसली. भादव्यापासून ती हसली नव्हती. रंगीत शेपट्यांचा तो खेळ बघता बघता तिनं भान हरपून फुलपात्र तोंडाला लावलं आणि रिकामं केलं. अभिमनला रडू फुटायचं बाकी राहिलं.

म्हणून मासे जगणं भाग होतं. आणि मासे मरत होते.

का मरतात, हे त्याला पाठ होतं. टाकी नवी, तिच्यातलं पाणी अजून मुरलेलं नाही. नळाला येतं ते पाणी ब्लीचिंग पावडरनं डोळे झोंबवणारं; ते उघड्यावर निवू द्यावं लागतं, मगच टाकीत घालायचं. पण नळ यायचा कधीतरी आणि करंगळीएवढ्या धारेनं. ठेवून द्यायला घरात पाणी उरतंय कुठे?

२

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, उजाडली. आबा गेल्यानंतरची पहिली, म्हणजे त्यांच्या नावाची घागर भरायची.

त्या दिवशी माय आपणहून उठली. चपला घालून, आत्याचा हात धरून, नाल्यापलीकडच्या आत्याच्या मळ्यात गेली आणि तिथल्या विहिरीचं पाणी नव्या कोऱ्या घागरीत भरून घेऊन आली. आत्या घागर घ्यायला पुढे झाली, तर तिनं डोक्यावरून उतरवू दिली नाही. पाण्यात वाळ्याची जुडी सोडली. देवघराच्या खाली घागर मांडली, वर कुंकवाची बोटं ओढली, तोंडावर खरबूज ठेवलं. मग हात जोडून, एखाद्याला ताटावर बसवून आग्रह करावा तशी म्हणाली, "आते पेवा. पोटभर पेवा. आते कोनी आडावनार नही."

अभिमन दारात उभा होता. त्याला भरून आलं, आणि थोडा रागही आला. कुणी समजावून सांगायचं हिला, की मेलेल्या माणसाला तहान लागत नाही?

या घरची रीत अशी, की आखाजीची घागर महिनाभर जागची हलवायची नाही आणि तिच्यातलं पाणी कशालाच लावायचं नाही.

दुपारी पुरणपोळी-आमरसाचं जेवण झालं. लिंबाच्या झोक्यांवरची पोरींची गाणी थांबली, पारावर पत्ते कुटणारेही सावलीला कलंडले. सगळं गाव झोपलं, खाटेवर मायही. अभिमन टाकीपाशी आला. उरलेले सगळे मासे पाण्याच्या वरच्या थराला येऊन तोंडं उघडझाप करत होते. सकाळी त्यानं घाईनं नळाचं पाणी घातलं होतं. पावडरीनं त्यांचे कल्ले जळत होते.

मळ्यातून पाणी आणेपर्यंत एकही वाचला नसता. उद्या सकाळी टाकी रिकामी दिसली, की फुलपात्र खाली ठेवलं जाणार, आणि मग ते कधीच उचललं जाणार नाही. त्यानं मागे वळून पाहिलं. विहिरीचं, निवलेलं, थंडगार, पावडरीचा कण नसलेलं पाणी घरात एकाच ठिकाणी होतं.

मेलेल्यासाठी ठेवलेलं पाणी जित्यांच्या उपयोगी पडतंय, यात पाप कसलं? आबांनाही आवडलं असतं. असं स्वतःला बजावत त्यानं खरबूज उतरवलं, टाकीतलं पाणी बादलीनं उपसलं आणि तांब्या-तांब्यानं घागर टाकीत ओतली. मग रिकाम्या घागरीत नळाचं पाणी काठोकाठ भरून, वाळा पुन्हा आत सोडून, खरबूज जसंच्या तसं ठेवून दिलं.

मासे बघता बघता सावरले. फक्त एक झालं. पसरण्याआधी ते सगळे क्षणभर एकत्र आले, गोल धरून, तोंडं आतल्या बाजूला करून. जसे पंगतीत कुणा वडीलधाऱ्यानं पहिला घास घ्यायची वाट बघत लोक थांबतात.

भूक लागली असेल, अभिमन मनाशी म्हणाला.

३

त्यानंतर गाळणीचं काम उरलं नाही. एक मासा मेला नाही. उलट माद्यांची पोटं फुगली आणि एका सकाळी टाकीभर पिल्लं दिसली, पापणीच्या केसाएवढी, जन्मताच पोहणारी. मायनं आत्याला हाक मारमारून बोलावलं.

"देख वं भागा, बठ्ठा जगनात!"

"जगनात ते बरं व्हयनं," आत्या म्हणाली. "आते यास्ना बारसा कोन करी? मनाकडे इतला पायना नहीत."

दोघी हसल्या. माय प्यायली. दिवसातून कितीदा तरी प्यायली. अभिमननं पंचायत समितीत जाऊन गप्पी योजनेवर असं काही भाषण ठोकलं, की साहेबानं त्याला दोनदा चहा पाजला.

टाकीतलं पाणी उतरतंय हे त्याच्या लक्षात आलं, पण उशिरा. वैशाख आहे, वाफ होणारच. नळाचं पाणी टाकीला लावायचं नाही असं त्यानं आता ठरवलं होतं; मळ्यातून सायकलला डबा लावून पाणी आणायचं आणि टाकी भरायची. त्याला काही वाटलं नाही. मग त्यानं काचेवर चिकटपट्टीचा तुकडा लावून खूण केली, आणि संध्याकाळी ती खूण वीतभर वर राहिलेली दिसली.

पुट्टी फुटली असेल. त्यानं टाकीखाली वर्तमानपत्र अंथरलं. ते कोरडं ठणठणीत राहिलं. त्यानं टाकीवर काच झाकली. पाणी उतरलंच. मग त्यानं शिकलेल्या माणसाला शोभेल असं केलं: शेजारी पाण्यानं भरलेली एक पातेली उघडी ठेवली. वाफच असेल, तर पातेलीतलं पाणी जास्त आटायला हवं. पातेली नखभर उतरली. झाकलेली टाकी पुन्हा वीतभर.

आणि वाळ्याचा वास. जुडी तर घागरीत होती. टाकीत इतकं नवं पाणी पडलं, तरी झाकण उचललं की तो गार, मातकट वास नाकात शिरायचा. त्यामागे आणखी एक वास होता, ओळखीचा, उन्हातून आलेल्या माणसाच्या सदऱ्याचा. अभिमननं तो ओळखायचं नाकारलं.

४

एका दुपारी लाइट गेली. पंखा थांबला, पंप थांबला, बुडबुडे थांबले. दारं-खिडक्या झळांमुळे लावून घेतलेली, त्यामुळे खोलीत पाण्याच्या तळाशी असावा तसा उजेड होता. माय खाटेवर होती. अभिमन जमिनीवर पडून घामानं भिजत होता.

गट्.

त्यानं डोळे उघडले. थोडा वेळ काहीच नाही. मग पुन्हा.

गट्. गट्.

घसा वाजतो तसा. खूप तहानलेला माणूस धापा न टाकता प्यायला लागला, की त्याचा घसा वाजतो तसा. आवाज खाटेकडून येत असणार, माय पीत असणार, म्हणून त्याला आधी बरंच वाटलं. त्यानं मान वळवली. माय टाकीकडे तोंड करून बसली होती. हातातलं फुलपात्र भरलेलं होतं.

"देख," ती हळूच म्हणाली. "कशा पेतस त्या."

नवऱ्याचं नाव तिनं जन्मात घेतलं नव्हतं. आबांना ती 'त्या' म्हणायची.

"माय, तू पी. तुझं पाणी तू पी."

"पहिले त्यास्ले." तिनं उठून झाकण सरकवलं आणि फुलपात्र टाकीत उपडं केलं. बोटांत जोर नव्हता. फुलपात्रही निसटून गेलं आणि वाळूवर जाऊन सरळ बसलं. पिल्लं त्यात शिरली. "मी कसी पेवू रे? त्यास्ले तीस लागेल शे."

त्या दिवसानंतर तिनं एक थेंब घेतला नाही. अभिमननं विनवलं, रागावला, तिच्या पायांवर डोकं ठेवलं. चमच्यानं पाजलं, तर पाणी ओठांच्या कोपऱ्यातून परत आलं. तो बाहेर गेला की ती भिंत धरून उठायची आणि घरातलं पाणी टाकीत नेऊन ओतायची. माठ, कळशी, आंघोळीची बादलीसुद्धा. तिच्या जिभेला भेगा पडल्या. डोळे आत गेले. चेहरा मात्र शांत होता, घरी पाहुणा जेवतोय आणि ताटात काही कमी पडत नाही, अशा बाईचा.

मासे तेवढे तजेलदार होते. त्यांचे रंग इतके उजळ अभिमननं मंगळूरलाही पाहिले नव्हते.

५

डॉक्टर घरी आले. सलाईनची बाटली खिळ्याला टांगली, पण शीर सापडेना. या हातात टोचलं, त्या हातात टोचलं, आणि सुई काढून घेतली. "शिरा बसल्यात. जळगावला मोठ्या दवाखान्यात न्या. आजच्या आज न्या," असं म्हणत त्यांनी बॅग बंद केली.

आत्या जीप बघायला निघाली. जाता जाता देवघरापाशी हात जोडायला वाकली आणि तशीच थबकली.

"अभिमन. आठे ये. हाई देख."

घागर होती तिथेच होती. आत्यानं तिच्या पोटाला तळहात लावला आणि त्याच्यासमोर धरला. कोरडा.

"नवी घागर शे, वैशाखना महिना शे. पाझरनी नही? दरसाल खाले कितलं ओलं ऱ्हास." तिनं खरबूज उचललं. ते आतून सडून पोचट झालं होतं, पण घागरीतलं पाणी काठाला टेकलेलं होतं. जसं भरलं तसंच. "औंदा पितरनी तोंड लावं नही रे भो."

मातीचं भांडं पाझरतंच. ते धर्माचं नाही, छिद्रांचं काम. क्षारांनी छिद्रं बुजली असतील, अभिमन म्हणणार होता. शब्द तोंडाशी आलेही. त्यानं घागरीला हात लावला. ती गार नव्हती. अंगात ताप असलेल्या माणसासारखी गरम होती.

आत्यानं पाणी हुंगलं. "कोठलं पानी शे हाई? पावडरना वास येस."

"विहिरीचंच आहे, आत्या."

आत्या त्याच्याकडे बघत राहिली. त्याच्या कपाळावरून तिनं एकदा हात फिरवला, आणि जीप आणायला उन्हात निघून गेली.

६

घरात ती दोघं उरली. बाहेर झळांनी पत्रे कडकडत होते. माय आडवी होती, छाती जेमतेम हलत होती. लाइट पुन्हा गेलेली.

जीप येईपर्यंत हिला एकटं न सोडता धरून ठेवायचं, एवढंच. अभिमन माठाकडे धावला. रिकामा. कळशी रिकामी, बादली रिकामी. सलाईनची बाटली डॉक्टर घेऊन गेले होते. पातेलीच्या तळाशी चुळभर पाणी होतं, त्यात त्यानं आपला रुमाल बुडवला आणि मायच्या ओठांवर टेकवला. पुन्हा बुडवला, पुन्हा टेकवला. तिसऱ्यांदा टेकवताना आपण काय करतोय हे त्याला कळलं, आणि तो रुमाल त्याच्या हातातून गळून पडला.

गट्. गट्. गट्.

त्यानं टाकीकडे पाहिलं. पाणी त्याच्या डोळ्यांदेखत उतरत होतं. मासे, मोठे आणि पिल्लं, सगळे एका जागी दाटले होते, आणि त्यांच्या मधोमध पोकळी होती. एकही मासा त्या पोकळीत शिरत नव्हता. खाली निमुळती, वर पसरट, पाण्याच्या पृष्ठभागाकडे उघडी. तो कितीतरी वेळ बघत राहिला, मग ती काय आहे हे त्याला दिसलं. जोडलेले दोन पंजे. रुंद, कामाच्या माणसाचे. ओंजळ.

आबा भांड्यानं पाणी कधी प्यायलेच नाहीत. केळीच्या बागेतून आले, की ओट्याच्या कडेला उकिडवे बसायचे, ओंजळ पुढे करायचे आणि लहानग्या अभिमननं वरून तांब्याची धार धरायची. धार मध्येच तोडायची नाही. ते 'बस' म्हणतील तेव्हाच थांबायचं. मग ओला तळवा मानेवरून मागे फिरवायचे आणि उठायचे.

"आबा," अभिमन टाकीला म्हणाला. "तिला सोडा. तुमचं पाणी मी नेलं. तिनं नाही नेलं."

टाकी सोडली तर घरात आता पाणी घागरीतच होतं. त्यानं तांब्या बुडवला, काठोकाठ भरला आणि मायपाशी आला. पावडरीचं असो, कसलंही असो. "माय, घे. एवढं घे."

मायनं डोळे उघडले.

ती उठून बसली. ज्या बाईला कूस बदलता येत नव्हती, ती खाटेवरून पाय खाली सोडून जमिनीवर उकिडवी बसली. दोन्ही कोपरं पोटाशी घेतली आणि ओंजळ पुढे केली.

अभिमनच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यानं धार धरली. आणि ती प्यायली! घसा वाजवत, एका दमात प्यायली. तांब्या संपला, तर तो धावत जाऊन दुसरा घेऊन आला. तिसरा. घागर आता झरझर उतरत होती. टाकीतले मासे पांगले, आपापले इकडेतिकडे फिरू लागले. ती पोकळी मिटली. वाचली, तो म्हणत होता, वाचली, माझी माय वाचली. जीप येईल, जळगावला नेऊ, वाचली.

मग मायनं एक हात ओंजळीतून काढला आणि ओला तळवा मानेवरून मागे फिरवला.

आणि ओंजळ पुन्हा पुढे केली.

धार अभिमनच्या हातातून हलली नाही. वाळ्याचा वास आता टाकीकडून येत नव्हता. समोरून येत होता, आणि त्याच्यामागून उन्हातून आलेल्या सदऱ्याचा.

मागे टाकीत आवाज झाला. फुलपात्र कुणीतरी न पिता खाली ठेवावं, तसा.

टक्.

त्यानं मान वळवली. मासे पुन्हा गोळा झाले होते, तळाशी, फुलपात्राभोवती. मधोमध पोकळी होती. आधीच्यापेक्षा लहान, बाईच्या हातांची. मनगटांशी बारीक, अगदी बारीक.

तो तिकडे धावणार होता. पण धार मध्येच तोडायची नसते, आणि हातात तांब्या एकच होता, घागरीत पाणी तेवढंच. समोरची ओंजळ रिकामी व्हायची आणि पुढे यायची, रिकामी व्हायची आणि पुढे यायची.

"आबा," अभिमन म्हणाला. "आबा, बस म्हणा ना."

बाहेर रस्त्यावर जीपचा आवाज आला. आतून गट्, गट्, गट्.

"बस म्हणा, आबा."